डावीकडे ओढणारी गाडी
टायरच्या दुकानातला नव्या रबराचा वास आला की मला मिरजेचा तो रस्ता आठवतो. खड्ड्यात आपटल्यापासून आमची गाडी डावीकडे ओढत होती आणि घरात सगळे माझ्या हाताला नावं ठेवत होते. फौजेत जन्मभर ट्रक चालवलेले सासरे शेजारी बसून म्हणाले, “गाडीला काय झालं न्हाई. तुझा हात कच्चा हाय.” मी गाडी कडेला घेतली आणि उतरले. “मग तुमीच चालवा, मामा.” दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा, त्यांनी गाडी ऐटीत सरळ नेली. मी म्हणाले, “आता स्टेअरिंगकडं बघा.” ते उजवीकडे वळवून धरलेलं होतं, आणि मुरलेल्या हाताला त्याचा पत्ताच नव्हता. “आता सरळ धरा बघू.” त्यांनी धरलं तशी गाडी उसाकडे निघाली. ब्रेक दाबून ते उतरले, डाव्या टायरच्या बाहेरच्या कडेवर तळवा फिरवला. कड पार गुळगुळीत झाली होती. मिरजेत टायरच्या दुकानात चाकांची अलाइनमेंट करून घरी आल्यावर ते सगळ्यांना म्हणाले, “गाडीतच दोष हुता.” माझ्या हाताबद्दल अवाक्षर नाही. मला ते नकोच होतं. गाडीची चावी तेव्हापासून माझ्याच पर्समध्ये असते.