जमनाचे डोळे, माझा गळा

नंदुरबारच्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यातला काळा दोरा कापायला कात्री उचलली, तेव्हा मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात असा धरायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती.

"बाई, गळा तपासायचा आहे. एवढा घट्ट दोरा कशाला बांधलाय?" ते म्हणाले.

काय सांगणार? त्या दोऱ्यात चांदीचं पान होतं आणि पानावर माझ्या सवतीची आकृती. आम्हा गुजरांत दुसरेपणावर दिलेल्या बायकोने पहिलीच्या नावाचं असं पान गळ्यात घालायची रीत आहे. गेलेली शांत राहावी, नवीचा संसार नीट होऊ द्यावा, म्हणून. माझी सवत म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण जमना.

शेवटी यांनीच, म्हणजे माझ्या यजमानांनी, दोरा सोडला. डॉक्टरांनी मागे उभं राहून दोन्ही हातांनी माझा गळा चाचपला आणि घोट गिळायला सांगितलं. मग हात पुढे करायला लावून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत वारा नव्हता.

"थायरॉइड," ते म्हणाले. "गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते. शरीराची चूल किती पेटवायची ते ती ठरवते. तुमची चूल भसाभसा जळते आहे. घरात आणखी कोणाला असं झालं होतं का?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चेहरा आला.

माझ्यासारखं ज्यांना होईल त्यांच्यासाठी आधीचं सगळं सांगते. तापीकाठी, सारंगखेड्याजवळ आमचं गाव. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं हे सुरू झालं. आधी भूक लागायला लागली. गाडीवानासारख्या चार-चार भाकरी खायची, तरी चोळी सैल होत चाललेली. पौषाच्या थंडीत सगळे शेकोटीला बसत, मी घामाने भिजून ओसरीत. छाती अशी धडधडायची की वाटे शेजारणीला ऐकू जाईल. सुईत दोरा जाईना. रागाचं तर विचारूच नका. एकदा ताक सांडलं म्हणून मी रवीच भिरकावली. सगळे म्हणत, रेवा फार तोंडाळ झाली. तोंडाळ मी आधीपासूनच होते, पण हे वेगळं होतं.

मग गळा सुजला, नेमका पान टेकत होतं तिथे.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "जमनानी तुन्हा गळा धरेल शे," त्या म्हणाल्या. "तिले पहिला निवद दाखाड, मंग तू खाय."

त्या वाईट नव्हत्या. मला वाचवायचं म्हणूनच रोज पान दुधाने धुवायला लावत. जमना जागची हलू नये म्हणून दोरा आखडून बांधायला सांगत. गळा वाढे, दोरा रुते, आणि तो रुतला की आम्ही म्हणायचो, बघा, दाबतेय. आमच्याच हाताने बांधलेला फास, आणि नाव त्या बिचारीचं.

पण खरं सांगायचं तर सासूबाईंपेक्षा माझाच विश्वास जास्त होता. जमनाने माझा गळा धरावा असं मी केलेलंच होतं.

जमनाला लेक झाली, लीला, आणि वर्षभरात जमना वाळत गेली. डोळे मोठे झाले, खोबणीतून बाहेर आल्यासारखे. झोपली तरी पापण्या पुऱ्या मिटत नसत. बाया म्हणाल्या, हिच्यात कोणीतरी शिरलंय. भगत आला, कडुनिंबाची आणि मिरच्यांची धुरी झाली, आणि तिला मागच्या कापसाच्या खोलीत ठेवलं. मी तेव्हा तेरा वर्षांची. तिची उष्टी-खरकटी काढायला मला माहेरहून आणलं होतं. ती जवळ बोलवत हात पुढे करून म्हणायची, "रेवा, मन्हाजोडे बस ना." मी ताट उंबऱ्यावर ठेवून पळायची. एकदा तिने पाणी मागितलं, तरी आत गेले नाही. वैशाखात ती गेली. तिच्या पापण्या कोणालाच मिटवता आल्या नाहीत, शेवटी वर फडकं टाकलं. तीन वर्षांनी मला त्याच घरात दिलं, लीलाला आई हवी म्हणून.

तेव्हा जमना माझ्यावर रागावली असेल तर नवल काय? मी रोज निवद दाखवून तिची माफी मागायची. एक दिवस पाण्याच्या हंड्यात वाकून पाहिलं, तर आतून जमनाचे डोळे माझ्याकडे बघत होते. मी किंचाळले. हंड्यात माझंच तोंड होतं. माझे डोळे तिच्यासारखे झाले होते. त्या दिवसापासून लीला माझ्याजवळ येईना. सात वर्षांची पोर, भाकरीही दारातूनच मागायची. मी कोणाला दोष देऊ?

भगताला बोलवायचं ठरलं. तेव्हा कधी आईपुढे मान वर न करणारे हे उभे राहिले. "या येळले भगत नई. मी हिले डाक्टरकडे लई जासू." एवढंच बोलले आणि गाडी जुंपायला गेले. नावेतून तापी ओलांडली, दोंडाईच्याला आगगाडी धरली.

दवाखान्याच्या ओट्यावर माझ्याशेजारी अक्कलकुव्याकडची, डोंगरातली एक बाई बसली होती. तिचा गळा डाळिंबाएवढा लोंबत होता, आणि ती निवांत भाकरी खात होती. माझा लिंबाएवढा, आणि मी मरायला टेकलेली. मी डॉक्टरांना विचारलं, हा कुठला न्याय? ते हसले. म्हणाले, तिचा तो साधा गलगंड, गॉयटर. डोंगरातल्या पाण्यामातीत आयोडीन नावाचा क्षार कमी असतो. तो मिळवायची धडपड करता करता ग्रंथी फुगते, पण काम बेताचंच करते. तुमची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते. सूज किती यावर जाऊ नका. आणि आयोडीन चांगलं म्हणून मनाने कोणीही घेऊ नका, कोणाकोणाला त्याने उलटंच होतं.

मग मी जमनाचं सांगितलं. डोळे, घाम, धुरी, कोंडलेली खोली, सगळं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. नंतर म्हणाले, "हा आजार घराण्यात असू शकतो. तुमच्या बहिणीला हाच होता असं दिसतं. काळीज आधीच धावत होतं, त्यात उन्हाळा आणि धूर."

मला बरं वाटायला हवं होतं. भूत नव्हतं, दुखणं होतं. पण ओट्यावर येऊन मी ढसाढसा रडले. भुताला घाबरून पळणाऱ्या पोरीला कोणी माफ करेल. आजारी बहिणीला पाणी न देणारीला कोण करणार?

सुरतेच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. आधी तीन आठवडे नुसतं पडून राहायचं, दुधातून आयोडीनचे थेंब घ्यायचे. तोंडाला पितळेची चव. नर्स दिवसातून चारदा नाडी मोजायची; ती खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. दुपारी वॉर्डात सगळ्या बाया झोपत. मी जागी असायची, आणि पायाशी कोणीतरी बसलंय असं वाटायचं. आधी अंग चोरायची. मग एका दुपारी पाय सरकवून जागा करून दिली. म्हटलं, बस बाई.

नंदुरबारहून निघताना दोरा सैल करून पुन्हा गळ्यात घातलेलं पान ऑपरेशनच्या दिवशी यांच्या हातात दिलं. घरी परतल्यावर मी ते कपाटात ठेवलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, मग स्वतःच मऊ भात घेऊन आल्या.

ईथरच्या गुंगीतून जागी झाले तेव्हा डॉक्टर वाकून विचारत होते, "नाव सांगा बाई, नाव." आवाजाची शीर ग्रंथीला लागूनच असते, ती शाबूत आहे का हे बोलल्यावरच कळतं. मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "जमना." नर्स घाबरून कागद बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, आवाज ठीक आहे.

वर्षभराने उलटंच झालं. थंडी वाजायची, तोंड सुजायचं, दिवसभर झोप यायची, बोलणं जड. मी तोंडाळ राहिले नाही म्हणून घर खूश होतं. मीच ओळखलं की काहीतरी बिघडलंय. उरलेली ग्रंथी कमी पडत होती. त्यावर गोळी निघाली ती मेंढीच्या वाळवलेल्या ग्रंथीची! आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, औषधाला विटाळ नसतो. आणि स्वतः पाणी आणून दिलं. अजून रोज घेते.

तर बायांनो, खाऊनही वाळत असाल, हात कापत असतील, गळा फुगला असेल, किंवा काही न करता अंग जड होत असेल, तर डॉक्टरला गळा दाखवा. त्या नंदुरबारच्या डॉक्टरांचे आणि त्या दिवशी गाडी जुंपणाऱ्या माझ्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही. डोळे अजून थोडे मोठेच आहेत. ते तसेच राहणार.

आता लीला तेराची आहे. महिन्याकाठी मी तिला घोट गिळायला लावते आणि गळा चाचपते. परवा ती म्हणाली, शाळेतल्या पोरी सांगतात, तुझी आई भूत लागून मेली. मी तिला सगळं सांगितलं. उंबऱ्यावर ठेवलेलं ताट सांगितलं, न दिलेलं पाणीही सांगितलं. वाटलं, उठून जाईल. गेली तर तिचा हक्कच होता.

तिने माझ्या गळ्यावरच्या व्रणावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, मन्ही मायले बहू तरास व्हयेल व्हता का वं?"

जमनाला आतून काय होत होतं ते तिने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. पण मला ते माहीत होतं. सगळ्या गावात एकट्या मलाच माहीत होतं. मी लीलाला जवळ घेतलं आणि छातीच्या धडधडीपासून सांगायला सुरुवात केली.