मृदुला आणि जपानी औषधांची आवई

मृदुला गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला एस-बान लोकलमधून उतरत होते. सगळे ऑफिसकडे गेले, मी प्लॅटफॉर्मवरच राहिले... संध्याकाळपर्यंत दुसरी बातमीही पोचली: जपानी औषधांच्या नादी लागली आणि जिवाला मुकली. साफ खोटं! महिना होत आला, माझा राग गेलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

जपानी वैद्यकाचा इतिहास हा माझ्या या मैत्रिणीचा पीएचडीचा विषय. एकोणिसाव्या शतकात जपान सरकारने जर्मन वैद्यक स्वीकारलं, डॉक्टर व्हायचं तर पाश्चात्त्य विषयांचीच परीक्षा द्यायची असं ठरवलं. जुन्या वैद्यांना कोणी हाकललं नाही. फक्त त्यांच्यामागून नवे येणार नाहीत अशी सोय केली. तरी ती विद्या मेली नाही. पुढे नव्या पद्धतीनेच शिकलेल्या काही डॉक्टरांनी जुन्या पोथ्या पुन्हा उघडल्या. हे सांगताना मृदुलाचे पोहे गार होत. पण त्याच पोथ्यांमधला भंपकपणाही ती तितक्याच हिरिरीने सांगायची.

कॅन्सर निघाल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू तिला म्हणाल्या, "अगं, तू तर यातली तज्ज्ञ. केमो कशाला? काहीतरी जपानी घे ना."

"काकू, मी इतिहासाची माणूस. इतिहास गिळत नाहीत." आणि गेली केमोला. एकही चुकवली नाही.

जुन्यातलं तिने एकच मागितलं. डॉक्टर स्क्रीनवर स्कॅन बघत होते. ही म्हणाली, "आधी पोटाला हात लावून बघा. जुने जपानी वैद्य तसंच करायचे." मी शेजारी लाजून मेले. डॉक्टरांनी मात्र हात चोळून गरम केले आणि सावकाश पोट तपासलं.

"काय कळलं गं त्यांना?" मी बाहेर विचारलं.

"नवीन काही नाही. पण नंतर ते माझ्याशी बोलले, स्क्रीनशी नाही. गेनाऊ, अगदी हेच हवं होतं."

परवा त्याच काकू मृदुलाच्या नवऱ्याला, समीरला भेटायला आल्या. मीही तिथेच होते. निघताना हळूच म्हणाल्या, "मृदुलाची ती जपानी औषधं उरली असतील तर दे रे. गुडघे फार धरतात." मी भांडायच्या पवित्र्यात उठले. समीरने मला खुणेने थांबवलं आणि त्यांना आत नेऊन तिचं औषधांचं कपाट उघडलं. मळमळीच्या गोळ्या, तोंड आलं की लावायचं जेल, केस गेल्यावर घातलेली लोकरीची टोपी, शेवटी शेवटी दुखणं सोसेना तेव्हाच्या वेदनाशामक चिकटपट्ट्या. बाकी काही नाही.

"हे सगळं घेत होती?" काकूंनी विचारलं.

"सगळं," समीर म्हणाला.

त्याने ते कपाट अजून आवरलेलं नाही, आणि मी आवरू देणार नाही. ज्याला शंका असेल त्याने यावं, स्वतःच्या हाताने उघडून बघावं.