टोचलेले कान

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरला अर्धा तास होता आणि नेरुळच्या एका शाळेच्या फाटकाबाहेर मी जिराफ झालो होतो. लेकीचा उत्क्रांतीचा धडा कच्चा होता, म्हणून टाचा उंचावून मी गुलमोहराची पानं खाण्याचा अभिनय करत होतो. "मान ताणून ताणून लांब झाली. मग पिल्लांचीही लांबच."

शेजारी जवळच्या सारसोळे गावातली एक चाळिशीची बाई उभी होती. कानांत जड कुड्या आणि ओठ सतत पुटपुटणारे. मुलासाठी देवाचा जप करत असावी, असं मला वाटलं.

"दादा, मान खाली घ्या," ती म्हणाली आणि लेकीकडे वळून तिने कुडी हलवली. "माझे कान टोचलेले हायत. आईचे व्हते, आजीचे व्हते. पन माझी पोर भोकं घेऊन जल्मली का?"

लेक हसली. "म्हणजे ताणलेली मान पिल्लांना मिळत नाही. ज्यांची जन्मतःच लांब होती ते जास्त जगले, त्यांचीच पिल्लं वाढली."

"तेच लिव."

घंटा झाली. बाईने पिशवीतून स्वतःचं हॉल तिकीट काढलं आणि लेकीच्या आधी आत गेली. जप कसला, उजळणी चालली होती.

पेपर सुटल्यावर लेक नाचतच आली. तोच प्रश्न आला होता. मागून बाई आली.

"कसा गेला?" मी विचारलं.

"बरा. जिराफ आला तवा तुमीच दिसले. हसू आवरंना."

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. जिराफासाठी एक आणि जपासाठी एक, माझे दोन्ही तिने टोचले आणि दुखले नाहीत. लेकीचे मात्र तिच्या चुकांसाठी वेगळे टोचावे लागतील. ते वारशाने जात नाहीत.