खड्डा पडलेला लोड

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंइतका द्राक्षांवर संशय नाशिकमध्येच काय, साऱ्या जगात कुणी घेतला नसेल. काकू घरातच पाळणाघर चालवत. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेऊन आल्या, त्या दिवसापासून मुलांच्या वाटीत अख्खं द्राक्ष म्हणून पडलं नाही. प्रत्येकाच्या उभ्या चार फोडी. लग्नात शेजारच्या अनोळखी पोराच्या ताटातलं द्राक्षसुद्धा त्या पर्समधल्या सुरीने चिरून देत. "एवढासा घसा पोराचा, कापा की हो जरा!"

छातीवर दाब देण्याचा सराव चाले तो लोडावर. आधी लोडाला थोपटून विचारायचं, "अहो, ऐकू येतंय का?" आणि दर वेळी काका स्वयंपाकघरातून ओरडत, "येतंय, येतंय! चहा टाकलाय!" मग काकू अशा दाबत सुटत की भिंतीवरचं घड्याळ मागे पडावं. लोडाला मधोमध खड्डा पडला.

पाळणाघरात प्रवेश पोराला, परीक्षा मात्र आईबापांची. "घशात काही अडकलं तर काय कराल?" मी बेधडक म्हणालो, "डोक्यावर थापटून 'वर बघ, वर बघ' म्हणेन." काकूंनी कपाळाला हात लावला आणि मला नापास केलं. पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा कशा द्यायच्या, हे त्यांनी माझ्याकडून लोडावर घोटून घेतलं, तेव्हा कुठे आमच्या इराला प्रवेश मिळाला.

पुढे पिंपळगावहून मामांनी द्राक्षांची पेटी पाठवली आणि दीड वर्षाच्या इराने माझी नजर चुकवून एक तोंडात टाकलं. खोकला नाही, रडणं नाही, आवाजच नाही. माझा हात तिच्या डोक्याकडे निघालाही होता, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू जणू माझ्या कानातच ओरडल्या, "वर नाही हो, खाली!" मी तिला पुढे वाकवून पाठीवर थापा दिल्या. द्राक्ष फरशीवर पडलं आणि इराने भोकाड पसरलं. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

तिला घेऊन तसाच खाली धावलो. काकूंनी आधी मला झाडलं, "अख्खं हाती लागलंच कसं तिच्या?" मग तिला उराशी धरून भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

गेल्या वर्षी काका-काकू मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. लोड आमच्याकडे आला. टेकायला तो कुचकामी, पाठ खड्ड्यात जाते. गादीवाला कापूस भरून देतो म्हणतो, पण आम्ही भरू देत नाही. कधी कधी इरा त्याला थोपटून विचारते, "अहो, ऐकू येतंय का?" मी स्वयंपाकघरातून ओरडतो, "येतंय, येतंय!" आणि मग काकूंची अशी आठवण येते की चहा टाकायचाच राहून जातो.