चढावर अडकलेला गिअर
परवा धरमपेठेत एका गॅरेजसमोर ग्रीसचा वास आला आणि मी मनाने थेट कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन पडलो, जिथल्या पत्र्यावर उन्हाळ्यात पोळ्या भाजता यायच्या. स्पर्धेसाठी आमच्या रोबोटला दोन गिअर हवे होते, सपाटीवर पळायला एक आणि चढ चढायला एक, आणि जागा होती जेमतेम टिफिनएवढी. आम्ही पोरांनी काढलेल्या आराखड्यांत हत्ती मावला असता. मग कुही गावची आमची वर्गमैत्रीण, जी घरी वडिलांचा ट्रॅक्टर चालवायची, तिने दात्यांचं एकच कडं इकडून तिकडे सरकेल असं बसवलं आणि दोन्ही गिअर टिफिनमध्ये कोंबले. रोबोट वेळेत चढला तर स्पर्धेची पुढची फेरी पुण्याला, म्हणजे तिच्यासोबत अख्खा दिवस रेल्वेत. मला बक्षीस तेवढंच हवं होतं. स्पर्धेच्या दिवशी नेमका चढाच्या पायथ्याशी गिअर बदलेना. मी बटण दाबतोय, दाबतोय. ती ओरडली, "काहून दाबून राहिला गा नुसता? दाताले दात अडला. ट्रॅक्टरसारखा जरासा मागे घे न त्याले!" "घेतो वं, ओरडू नको!" म्हणत मी चार बोटं मागे घेतला, खट्‌ झालं आणि रोबोट हनुमानउडी मारून वर गेला, पण वेळ संपल्याची शिट्टी आधीच वाजली होती. "चढला न पण!" म्हणून ती टाळ्या पिटत राहिली. आम्ही जिंकलो, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. मग कोणीतरी विचारतं, ती आता कुठे असते? तेव्हा मात्र मला एकही थाप सुचत नाही.