चोळीतला कापूस

कापूस मऊ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक हंगाम जिनात, रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काढून बघावा. नाकात जातो, डोळ्यांच्या कडांना बसतो, भाकरीच्या घासाबरोबर पोटात जातो, आणि अंगाला जरा ओल असली की असा धरतो की ओढून काढावा लागतो. मला आजही उशीत कापूस चालत नाही. चिंध्या भरते. नातसून हसते, हसू दे.

मी असोद्याची. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासरची बोलीच कळेना. सासू विचारायची, "काय शे?" आणि मी नुसती तोंडाकडे बघायची. पण सासू मायाळू होती, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. माझे घरचे, म्हणजे सासूचा लेक, मालधक्क्यावर हमाली करायचे. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील नसतील, तेव्हाची ही गोष्ट. माझा थोरला तेव्हा अंगावर पीत होता.

दिवाळी सरली की जिनाचा भोंगा सुरू व्हायचा. फाटकासमोर कपाशीच्या बैलगाड्यांची रांग लागायची. आत बायांना दोन कामं. काही जणी कपाशीतला पाला नि किडकी बोंडं निवडायच्या, आणि काही जणी यंत्रापुढे उभ्या राहून त्याला कापूस भरवायच्या. रुई पलीकडे निघायची, सरकी खाली पडायची. मी यंत्रापुढे असायची. दिवसभर सारखा भुरभुर पाऊस, पण रुईचा.

संध्याकाळी भोंगा झाला की पुरुष फाटकाकडे जायचे. पहारेकरी खिसे चापपायचा, की सुटले. आम्ही बाया आधी हौदावर धावायचो. तळवे ओले करायचे आणि एकमेकीच्या पाठीवरून, केसांवरून, लुगड्याच्या ओच्यावरून फिरवायचे. ओल्या तळव्याला रुई चिकटून येते. कुणाची सासू वाईट, कुणाचा नवरा पितो, हे सगळं त्या हौदावर निघायचं. एकीची जीभ तर कात्रीसारखी चालायची. "मुनीमले म्हना, घे, मनं डोकं बी इचरी दे," असं ती केस पुढे करून रोज म्हणायची आणि आम्ही रोज हसायचो.

हे झाडणं हौसेचं नव्हतं. त्यानंतर झडती असायची. झडतीत अंगावर कापूस सापडला की दंड. चिमूटभर का असेना, चोरी ती चोरीच. बायांची झडती फाटकाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची, आणि एवढ्या सगळ्या बायांना झडतीवाली एकच. आम्ही तिला अक्का म्हणायचो. एकेकीला पडद्याआड घ्यायची, हात वर करायला लावायची, कासोट्यापासून चोळीपर्यंत चाचपून सोडायची. उरलेल्या रांगेत उभ्या. कुणी कुरकुरलं की अक्का म्हणायची, "मना बी भोंगा तोच शे, माय. तुम्ही बठ्ठ्या गयात का मंग मी सुटस."

खरंच, आम्ही सगळ्या गेल्याशिवाय तिची सुटका नव्हती, आणि तिलाही त्या वेळाचं काही मिळत नव्हतं.

मी तेव्हा रांगेत उभी राहून एकच विचार करायची. भोंगा झाला म्हणजे काम संपलं, म्हणून ह्या वेळाची मजुरी नाही. मग मला घरी का जाता येत नाही? हा वेळ आहे तरी कुणाचा?

मला घाई होती, कारण फाटकाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली सासू माझं लेकरू घेऊन बसलेली असायची. भोंगा व्हायच्या सुमारास ती त्याला घेऊन यायची, म्हणजे मी सुटले की तिथंच पाजायचं. पोर भोंग्याला ओळखायला लागलं होतं. भोंगा झाला की रडायला सुरुवात. शेडचा पत्रा आणि ते झाड यांच्यात दहा पावलंसुद्धा नसतील. मला त्याचं रडणं ऐकू यायचं, आणि आत काय करताय म्हणून सासूचं ओरडणंसुद्धा: "अवं, पोऱ्या रडी रडी निळा पडना! काय करी राह्यन्यात मझार?"

आता ज्या बायांनी लेकरं पाजली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. लेकरू रडलं की अंग ऐकत नाही. रांगेत उभ्याउभ्याच चोळी भिजायची. भिजली की लाज, म्हणून पदर ओढून घ्यायची, आणि पदरावरची सगळी रुई त्या ओलीला चिकटायची. म्हणून मी जुन्या लुगड्याची चिंधी घडी करून आत ठेवायला लागले. त्या दिवशी काम जास्त होतं, दुपारी चिंधी बदलायला हात सुटले नव्हते. संध्याकाळपर्यंत त्या ओल्या चिंधीवर इतकी रुई बसली होती की चिंधी दिसेचना. मला काय माहीत? मी काही आत डोकावून बघत नव्हते.

अक्काने पडद्याआड हात घातला आणि तो गोळा बाहेर काढला. "हाई काय शे?" ती ओरडली. पडद्याबाहेर मुनीमजींचा कारकून उभाच असायचा. त्याने पडद्याखालून हात पुढे केला, तिने गोळा त्याच्या हातावर ठेवला.

मुनीमजी बुटके, पगडीवाले, आवाज कधी चढवायचे नाहीत. ते फाटकापाशी कंदिलाजवळ बसले होते, भोवती दोन हमाल, एक गाडीवान, कारकून. गोळा चिमटीत धरून म्हणाले, "बाई, कापूस चोळीत?"

सांगा, मी काय सांगायचं? की मुनीमजी, हा कापूस नाही, ही माझ्या लेकराच्या भुकेची चिंधी आहे? त्या चार पुरुषांपुढे? मी मान खाली घातली. ते म्हणाले, "म्हणजे कबूल." आणि दंड लागला. शिवाय कारकून कागद पुढे करून म्हणाला, "कापूस चोरी, कर अंगठा." मी हात पाठीमागे घेतले. दंडाचं एक वेळ सोडून दिलं असतं. चोर म्हणून मी अंगठा देणार नव्हते. मग मुनीमजींनी आठवड्याची मजुरीच अडकवून ठेवली. अंगठा दे आणि घेऊन जा.

घरी सासूने आधी पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. माझ्यावर नाही, त्यांच्यावर. "चोर? मग गादी कोठे शे? उशी कोठे शे? धुंडा म्हना घर!" गोधडी झटकून दाखवत होती, जणू मुनीमजीच दारात उभे होते.

आमच्या गल्लीत एक युनियनचे भाऊ यायचे, गांधी टोपीवाले, सायकलला कागदांची पिशवी अडकवलेली. भला माणूस. त्यांनी ओट्यावर बसून सगळ्यांना कायदा समजावून सांगितला. कशाकशाला दंड करता येतो त्याची यादी मालकाने कामगारांना कळेल अशा भाषेत लावायची असते. माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय दंड करता येत नाही. दंडाचा पैसा मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्या भल्यालाच लावावा लागतो. (आमच्या जिनात त्या पैशाचा हंगामाअखेर सत्यनारायण व्हायचा, आणि शिरा घ्यायला आम्हीच रांगेत उभ्या.) बाया जास्त असतील तर लेकरांसाठी खोली हवी. आणि भोंग्यानंतर मालकाने थांबवून ठेवलं तर तो वेळ कामातच धरायला हवा, असं भांडायचं. जास्तीच्या वेळाला मजुरी दुप्पट.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. दुप्पट जाऊ दे, मला वाटलं, निदान तो वेळ माझ्या पोराला परत द्या.

भाऊ म्हणाले, "अर्ज करू. फक्त चोळीत कापूस कसा आला, ते खरं सांगा."

आता गंमत बघा. मी भाऊंना सांगणं शक्य नव्हतं. मी सासूला सांगितलं. सासूने ते लेकाला सांगायचं, तर तिलाही लाज. ती म्हणाली, "तिनी तब्येतना मुळे व्हयनं." आमच्या घरच्यांनी डोकं खाजवलं आणि बाहेर जाऊन भाऊंना सांगितलं, "बाई आजारी होती." आणि भाऊंनी, कायदा जाणणाऱ्या त्या भल्या माणसाने, सुबक अक्षरात अर्जात लिहिलं की अर्जदार बाई त्या दिवशी आजारी होत्या.

तीन माणसं, सगळी माझ्या बाजूची. आणि माझं म्हणणं घरच्या ओट्यापर्यंतसुद्धा धड पोचलं नाही.

सुनावणी कचेरीत झाली. मजुरीच्या कायद्याचे साहेब चष्मा पुसत बसले होते. माणूस वाईट नव्हता, त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. खोलीत साहेब, कारकून, शेठचे वकील, मुनीमजी, भाऊ. दारात शिपाई. साक्षीला जिनातल्या पाच-सहा बाया आल्या होत्या, भिंतीला चिकटून बसलेल्या.

वकिलांनी अर्ज वाचला आणि हसून विचारलं, "आजारी होत्या तर दिवसभर काम कसं केलं? आणि चोळीत कापूस ठेवावा लागतो, असा कोणता आजार आहे?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

मग साहेबांनी झडतीचं काढलं. हौदावर जिची जीभ कात्रीसारखी चालायची, तिलाच पुढे केलं होतं आम्ही.

"बाई, झडती कशी घेतात?"

"घेतात साहेब. जशी घेतात तशी."

"वेळ किती लागतो?"

"लागतो तेवढा लागतो."

"म्हणजे फार लागतो का?"

तिने पदर तोंडाशी धरला. "नाही साहेब. तसा काही त्रास नाही."

मला तिचा इतका राग आला की तिथंच हात धरून हलवावं वाटलं. पण ती तरी काय करणार? वेळ का लागतो हे सांगायचं, तर हात कुठं कुठं जातो हे सांगावं लागतं. तेवढ्यात व्हरांड्यात माझा पोर रडायला लागला. सासू त्याला घेऊन बाहेर बसली होती. आणि जे व्हायचं तेच झालं. शेडमध्ये व्हायचं ते कचेरीत झालं, साहेबाच्या टेबलापुढे. मी पदर घट्ट ओढला. साहेब म्हणाले, "हां बाई, तुमचं काय म्हणणं?" आणि मी परवानगी न विचारता बाहेर चालती झाले.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले आणि पोराला पदराखाली घेतलं. सासू शिपायाच्या मागे लागली होती. "जाय ना रे भाऊ, तुना साहेबले सांग, बाईना छातीले दूध ऱ्हास. कापूस त्याले चिकटस. इतलंच शे." शिपायाचे कान लाल झाले. तो माठाकडे गेला आणि पाणी पीतच राहिला.

थोड्या वेळाने भाऊ हसत बाहेर आले. "बाई, जिंकलो!"

जिंकलो म्हणजे काय, तर दंड रद्द. अडकवलेली मजुरी परत. का? तर मुनीमजींनी माझं म्हणणं रीतसर ऐकून घेतलं नव्हतं.

"आणि थांबून राहण्याचं?"

"त्याला पुरावा नाही. साक्षीच अशा झाल्या ना."

"आणि खोली?"

"वकील म्हणाले, जागा बघतो आहोत."

"आणि चोर?"

भाऊ गोंधळले. "चोर कुठं आलं त्यात? दंड परत मिळाला की तुम्हाला."

त्यांना खरंच कळलं नाही. माझं म्हणणं ऐकलं नाही म्हणून मी जिंकले, आणि तिथंही ते कुणी ऐकलं नाहीच.

पुढच्या दिवाळीनंतर मी जिनाच्या फाटकात उभी राहिले, तर मुनीमजींनी नवीनच काढलं होतं. अंगावरचं लेकरू असलेली बाई कामाला घ्यायची नाही. लेकरांच्या खोलीचा प्रश्न असा सुटला. मी म्हटलं, "माझा पोरगा आता भाकरी खातो."

मुनीमजी त्याच हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कायदेवाल्या बाई. आमचं जिन तुम्हाला झेपायचं नाही."

त्या वर्षी माझी धाकटी जाऊ जिनात लागली. नवी होती, अंधाराची भ्यायची, म्हणून संध्याकाळी मी तिला आणायला जायची. लिंबाखाली आता मी बसायची, पोर मातीत खेळायचा. भोंगा व्हायचा, पुरुष निघून जायचे, आणि पत्र्याच्या आत रांग लागायची, तशीच. एके दिवशी पहारेकरी शेजारच्या टांगेवाल्याला माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला, "हीच ती. चोळीत कापूस नेणारी."

माझं मलाच कळलं नाही मी कधी उठले ते. गाडीवान होते, हमाल होते, मुनीमजी फाटकात उभे होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडले, "दूध होतं ते! लेकराचं दूध! तुम्ही आत डांबून ठेवत होता म्हणून सांडलेलं! त्याला चिकटला तुमचा कापूस!"

पहारेकऱ्याने मान खाली घातली. टांगेवाला घोड्याच्या तोंडाशी काहीतरी करायला लागला. मुनीमजी कारकुनाला काही तरी विचारत आत गेले. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. जे मी एवढं जपत होते ते बोलून झालं होतं, आणि लिहून घ्यायला आता तिथं कुणी नव्हतं.

मग पत्र्याच्या आतून अक्काचा आवाज आला. ती पडद्याआडच असणार, कुणाच्या तरी अंगावर हात ठेवून.

"माले माहीत शे वं, माय. तवय बी माहीत व्हतं. मना हातले दूधना वास उना व्हता. पन माले कोनी इचारं का?"

मी पत्र्याला हात लावून उभी राहिले. दुधाचा वास तिच्या हाताला तेव्हाच आला होता.

"चाल वं पुढली," अक्का म्हणाली. "हात वर कर."