पिक्चरमधला रोबोट आणि आपला रोबोट

ॲकॅडमीच्या माझ्या जुन्या पोरांनो,

आज दुपारी बायकोबरोबर नगरला पिक्चर बघितला. कुठंच न जमलेली पोरं सैन्यात येतात आणि त्यांना शिकवता शिकवता उस्ताद रडकुंडीला येतो, अशी हसवणारी गोष्ट. त्यातला एक जण परेडमध्ये डावा पाय आणि डावा हात एकदमच पुढं टाकतो. थिएटर नुसतं खदखदत होतं.

इंटरव्हलला बायको म्हणाली, "अवो, ह्यो तर तुमचा रोबोट!"

तुम्हालाही आठवत असेल. पारनेरला आपल्या सैन्यभरतीच्या ॲकॅडमीच्या मैदानावर तोही असाच चालायचा, म्हणून मीच त्याला रोबोट म्हणायला लागलो. परेड संपली की मी त्याला एकट्याला चालायला लावायचो आणि तुम्ही पोट धरून हसायचात. लग्नाकार्यात मी अजून त्याची नक्कल करतो.

"पुढं काय झालं त्याचं?" बायकोनं विचारलं.

"पंधरा दिवसांत पेटी उचलून घरी गेला."

"आन् तुमी जाऊ दिलं?"

मी चहा आणायच्या निमित्तानं उठलो.

पिक्चरमधला उस्ताद रोज पहाटे त्या पोराच्या शेजारी स्वतः चालतो. शेवटच्या परेडला तोच पोरगा सगळ्यांत पुढं असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काही वाजवता आल्या नाहीत.

त्याला एकदा भेटायचंय. पण शोधू कसा? मी त्याला कधी नावानं हाक मारलीच नाही.

तुमच्यापैकी कुणाला आठवतंय का रे, त्याचं नाव काय होतं?